लडाखमध्ये हिमबिबट्या पाहायला जाताना : माणसे, मुक्काम आणि थंडीची तयारी

ताडोबा, पेंच किंवा नागझिऱ्याला नेहमी जाणाऱ्या माणसाला जंगल पाहण्याची एक ठरावीक रीत अंगवळणी पडलेली असते : प्रवेशद्वार, आगाऊ आरक्षण, जिप्सी, पाळीप्रमाणे मिळालेला गाइड आणि तीन-चार तासांची फेरी. लडाखमधल्या हिमबिबट्यासाठी ही रीत उपयोगी पडत नाही. तिथे वेळेची फेरी नसते, प्राणी वाटेवर आडवा येत नाही आणि बहुतेक वेळा तो समोरच्या डोंगरावर अर्धा ते दीड किलोमीटर अंतरावर असतो. त्यामुळे या प्रवासाचे यश दोन गोष्टींवर ठरते. तुमच्याबरोबर त्याच दरीत वाढलेला, नजर तयार असलेला माणूस आहे का, आणि तुम्ही त्याला पुरेसे दिवस देता का. कॅमेरा, भिंग, कपडे हे सर्व आवश्यक आहे, पण ते या दोहोंनंतर येते.

आधी ठिकाण आणि काळ यांविषयी. भारतीय वन्यजीव संस्थेच्या समन्वयाने २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशातल्या पहिल्या हिमबिबट्या गणनेचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत योग्य, कारण तेव्हा हिमबिबट्यांचा मीलनाचा हंगाम असतो. नर-मादी एकमेकांना साद घालतात, कड्यांखाली गंधखुणा करतात, एरवीपेक्षा जास्त फिरतात. शिवाय वरच्या उतारांवर बर्फ साचल्याने भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबोकड) यांचे कळप खाली येतात व त्यांच्यामागे शिकारीही खाली येतो. उन्हाळ्यात लडाख सुखाचे असते, पण हे कळप उंचावर पांगलेले असतात, म्हणून केवळ हिमबिबट्यासाठी जुलैमध्ये जाण्यात अर्थ नाही.

मुक्कामासाठी दोन जागा प्रामुख्याने विचारात घ्याव्यात. पहिली रुंबकची दरी. ही हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. हे उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले आणि आज त्याचे क्षेत्र सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. झिंगचेनच्या बाजूने अरुंद दरीतून आत जावे लागते, ओढा पूर्ण गोठलेला असतो आणि रोज चालणे घडते. त्या हंगामात गाडी कुठपर्यंत जाते, पुढे सामान घोड्यावर जाणार की हमालांच्या पाठीवर, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुसरी जागा म्हणजे सिंधूच्या उत्तरेकडचे, शाम भागातले उले हे छोटेसे गाव. तिथे गाडी घरापर्यंत जाते आणि बराचसा शोध गावाच्या आसपासच्या कडेपठारांवरूनच करता येतो. रुंबकला भरल जास्त, तर उलेला आयबेक्स आणि उरियल ही रानमेंढी चांगली दिसतात, आणि लांडग्याची शक्यताही असते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा जे पहिल्यांदाच इतक्या उंचीवर जात आहेत, त्यांनी उले निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे. चालण्याची हौस असेल आणि कमी गर्दीची दरी हवी असेल तर रुंबक. हिमाचलातल्या स्पितीतील किब्बर हा तिसरा पर्याय आहे आणि किन्नौरकडून रस्त्याने हळूहळू चढत जाता येत असल्याने शरीराला सवय होण्यास तो मार्ग बरा पडतो. मात्र हिवाळ्यातला तो रस्ता कधीही बंद होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सोबतची माणसे. महाराष्ट्रातून अनेक निसर्ग-पर्यटन संस्था आणि छायाचित्रकार लडाखला गट नेतात. आपल्या भाषेत समजावून सांगणारा, आपल्या खाण्यापिण्याच्या सवयी जाणणारा गटप्रमुख असला की प्रवास सोपा होतो, यात शंका नाही. पण तो कितीही अनुभवी असला तरी स्थानिक शोधकाची जागा घेऊ शकत नाही. लडाखमध्ये याला सगळे ‘स्पॉटर’च म्हणतात. हा पहाटे सर्वांच्या आधी उठून कड्यावर जातो, दुर्बिणीने डोंगर पिंजून काढतो आणि वॉकीटॉकीवर खबर देतो. कोणत्या घळीत परवा नर गेला, कोणत्या खडकाखाली ताजी खुण आहे, कोणत्या घरच्या मेंढ्या काल बिथरल्या होत्या, हे त्याला ठाऊक असते, कारण त्याचे घर त्याच दरीत असते.

म्हणून आयोजकाला पहिला प्रश्न हा विचारावा : स्पॉटर कोणत्या गावचा आहे आणि आम्ही पोहोचण्यापूर्वी तो तिथे काम सुरू करणार आहे का? सहा ते आठ जणांच्या गटामागे एक मार्गदर्शक आणि किमान दोन स्पॉटर असावेत. तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, एका गटाला एकच असेल तर ती अपुरी पडते. दोन असाव्यात आणि शक्यतो ८० मिलिमीटरच्या भिंगाच्या. रात्री गाडी गावात थांबणार की लेहला परत जाणार, हेही विचारावे. उणे वीस अंशात मध्यरात्री कोणाला श्वास लागला तर गाडी हाताशी असणे आणि तिचे इंजिन सुरू होणे यावर सर्व अवलंबून असते. प्राणवायूचे सिलिंडर किती आहेत, ते कोणी वापरून पाहिले आहेत का, गटातल्या कोणाला प्रथमोपचार येतात का, याची उत्तरे लगेच आणि नेमकी मिळाली पाहिजेत. ‘काळजी करू नका, सगळी व्यवस्था आहे’ हे उत्तर नव्हे.

‘हिमबिबट्या शंभर टक्के दिसणार’ अशी हमी कोणी देत असेल तर तिथेच थांबावे. अशी हमी प्रामाणिकपणे देता येत नाही, आणि ती पाळण्याच्या दबावाखाली नको ते प्रकार होतात : प्राण्याच्या वाटेवर माणसे उभी करणे, कळप मुद्दाम हुसकावणे, पिल्ले असलेल्या गुहेपर्यंत जाणे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये हिमबिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे आणि त्याला छेडणे हा गुन्हा आहे. ड्रोनचेही तेच. परवानगीशिवाय ते नेऊच नये.

दिवसांची आखणी करताना कंजूषी करू नये. हिवाळ्यात मनाली-लेह रस्ता बंद असतो आणि श्रीनगरकडून झोजीला खिंडीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दिल्लीहून विमानानेच लेह गाठावे लागते. समुद्रसपाटीवरच्या मुंबईहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे ३,५०० मीटरवर उतरतो, आणि हाच या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. लेहमध्ये किमान तीन रात्री आणि दोन पूर्ण दिवस काढावेत. पहिल्या दिवशी खोलीतून जेवणघरापर्यंत आणि परत, एवढीच हालचाल पुरे. दुसऱ्या दिवशी बाजारात सपाटीवर थोडे फिरावे. तिसऱ्या दिवशी एखाद्या गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्या सावकाश चढून पाहाव्यात. त्यानंतरच उले किंवा रुंबकला जावे, कारण ही गावे ४,००० मीटरच्या आसपास आहेत. गावात निदान पाच, शक्य तर सहा पूर्ण दिवस ठेवावेत आणि परतीच्या विमानाआधी एक राखीव दिवस. असे दहा-अकरा दिवस होतात. रजा कमी म्हणून लेहमधली एक रात्र कापायची आणि तो दिवस गावात घालवायचा, हा हिशेब अनेक जण करतात. तो सपशेल चुकीचा आहे, कारण उंची बाधलेला माणूस गावातले दोन-तीन दिवस अंथरुणातच काढतो आणि बाकीच्या गटालाही अडकवून ठेवतो.

उंचीच्या त्रासाची लक्षणे सर्वांनी समजून घेतलेली असावीत. डोके दुखणे, भूक मरणे, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जायचे नाही, विश्रांती घ्यायची. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, ओठ निळसर पडणे ही फुप्फुसात पाणी साचत असल्याची चिन्हे असतात, तर सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मेंदूला सूज येत असल्याची. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. प्राणवायू लावून लगेच खाली आणायचे आणि लेहचे सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय गाठायचे. अॅसिटाझोलामाइडची गोळी अनेकांना उपयोगी पडते, परंतु ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच आणि घरून निघण्यापूर्वी ठरवून घ्यावी. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावे. हृदयविकार, दमा, नियंत्रणात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी तपासणीशिवाय तिकीट काढू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण गारठलेल्या बोटावर तो उगाच कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी हात चोळून गरम करावेत आणि मग मोजावे. मद्य पूर्ण टाळावे. पाणी तहान नसली तरी प्यावे.

थंडीचा अंदाज महाराष्ट्रात बसून येत नाही. गावात रात्री उणे वीस किंवा त्याखाली तापमान उतरते. पण खरा कस लागतो तो दिवसा, कारण शोधासाठी तासन्‌तास एका जागी उभे राहावे किंवा बसावे लागते आणि चालण्याने येणारी ऊब मिळत नाही. एका जाड जाकिटापेक्षा थर उपयोगी पडतात : अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारा थर. सुती बनियन घालू नये. घामाने ते भिजते आणि मग गारठवते. बूट एक माप मोठे घ्यावेत, कारण दोन मोज्यांनी घट्ट झालेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बोटे बधिर होतात. हातांसाठी आत पातळ मोजे आणि वर जाड पंजे अशी जोडी असावी, म्हणजे कॅमेरा हाताळताना हात उघडा पडत नाही. बसण्यासाठी फोमचा छोटा तुकडा न्यावा. ही सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत जास्त कामाला येते. गोठलेल्या ओढ्यावरून चालण्यासाठी बुटावर चढवायचे काटे, बर्फावरून परतणाऱ्या उन्हापासून डोळे वाचवणारा काळा चष्मा, ओठांना आणि नाकाला लावायचे मलम आणि एक लिटरचा चांगला थर्मास, एवढे पुरे.

खोलीतली बुखारी, म्हणजे धुराडे असलेली शेगडी, ऊब देते, परंतु ती रात्रभर धुमसत ठेवून झोपू नये. धुराचे नळकांडे नीट बसले आहे का हे स्वतः पाहावे आणि खिडकीला फट ठेवावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटऱ्या, पॉवरबँक, भ्रमणध्वनी रात्री अंथरुणात घेऊन झोपावे. कॅमेरा बाहेरून आत आणताना बंद पिशवीत घालूनच आणावा आणि तासभर तसाच ठेवावा, नाहीतर भिंगावर आणि आतही दव जमते. लडाखबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागते, आणि तरीही दरीत संपर्क असेलच असे नाही. यावर उपाय म्हणून परदेशातून आणलेला उपग्रह-फोन किंवा तशाच प्रकारचे उपकरण कोणी नेऊ पाहील, तर त्याला रोखावे. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा आहे.

आता प्रत्यक्ष शोध कसा होतो ते सांगतो, कारण तो समजला तर कंटाळा येत नाही आणि आपणही हातभार लावू शकतो. उजाडण्यापूर्वी अर्धा तास कड्यावर पोहोचायचे आणि पहिल्यांदा धारेची रेषा पाहायची. आभाळाच्या पार्श्वभूमीवर चालणारा प्राणी सहज दिसतो, पण धार ओलांडून तो या बाजूच्या उतारावर आला की राखाडी-पिवळट खडकांत हरवतो. धार पाहून झाली की उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे करायचे आणि ८ × ४२ किंवा १० × ४२ च्या दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा तपासायचा. नजर सरकवत नेण्यापेक्षा एका चौकटीत दोन-तीन सेकंद स्थिर थांबायचे, मग पुढच्या चौकटीत जायचे. पूर्ण प्राणी शोधायचा नसतो. खडकाच्या कडेवरून लोंबणारी जाड शेपटी, गोल कानांची जोडी, एका जागी हललेली सावली, एवढेच आधी दिसते. संपूर्ण उतार पाहून झाला की पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून, कारण मघाशी खडकामागे पहुडलेले जनावर आता उठून बसलेले असू शकते.

भरलांकडे विशेष लक्ष द्यावे. चरणारा कळप विखुरलेला असतो आणि तोंडे चहूकडे असतात. तोच कळप एकाएकी गोळा होऊन एकाच दिशेला पाहू लागला, शिटीसारखा आवाज करू लागला, तर ते ज्या घळीकडे पाहत आहेत तिकडे स्कोप वळवावा. डोमकावळे, मॅगपाय किंवा दाढीवाले गिधाड एखाद्या जागी पुन्हा पुन्हा उतरत असतील तर तिथे शिकार पडलेली असण्याची शक्यता आहे. मोठ्या शिकारीपाशी हिमबिबट्या तीन-चार दिवस आसपास राहतो, म्हणून अशी खबर मिळालेला गट नशीबवान म्हणायचा. दुपारी जनावर झोपते. त्या वेळेत जेवण, थोडी डुलकी, आणि तीनच्या सुमारास पुन्हा कड्यावर.

दिसला की काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे. ज्याला दिसला त्याने ओरडायचे नाही, खुणा सांगायच्या : ‘काळा सुळका, त्याच्या खाली बर्फाचे दोन पट्टे, उजव्या पट्ट्याच्या टोकाशी’. स्कोपच्या तिपाईला हात, पिशवी किंवा गुडघा लागू द्यायचा नाही, कारण जरा धक्का बसला की दीड किलोमीटरवरचे जनावर चौकटीबाहेर जाते आणि ते पुन्हा सापडायला वीस मिनिटे लागू शकतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाने अर्धा मिनिट पाहून बाजूला व्हावे. सर्वांचे एकदा पाहून झाले की मग निवांत पाहावे. छायाचित्रासाठी जवळ जाण्याचा मोह सर्वांनाच होतो. इथे मार्गदर्शकाचा शब्द अंतिम मानावा, आणि त्याने ‘इथूनच’ म्हटले तर इथूनच. ६०० मिलिमीटरच्या भिंगानेही छायाचित्रात तो ठिपक्याएवढा येण्याची तयारी ठेवावी. मीलनाच्या काळात नर-मादीची भेट मोडली किंवा शिकारीवरून जनावर उठले, तर त्याची भरपाई त्या हिवाळ्यात त्याला सहज करता येत नाही. दुसरे गट आले तर सर्वांनी एकाच ठिकाणी थांबावे, वेगवेगळ्या बाजूंनी जनावराला घेरल्यासारखे होऊ देऊ नये.

या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी गाव आहे, याची जाण पाहुण्याला असायला हवी. उघड्या गोठ्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो आणि त्या घराचे वर्षाचे उत्पन्न जाते. पूर्वी त्याच्या मागे लोक दगड आणि सापळे घेऊन जात, ते या कारणाने. रिंचेन वांगचुक यांनी स्थापन केलेल्या ‘स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्ट’ने गोठ्यांवर जाळीचे छप्पर घालण्यास मदत केली आणि रुंबकसारख्या गावांत घरगुती निवासाची पद्धत रुजवली. पाहुणे घरांना पाळीने मिळतात, म्हणजे पैसा एकाच घरी साचत नाही. म्हणून ‘आम्हाला मागच्या वेळचेच घर हवे’ असा हट्ट धरू नये. मुक्काम गावातल्या घरात आहे की बाहेरच्या कोणी बांधलेल्या तंबूत, हे आरक्षण करताना विचारावे आणि घराला प्राधान्य द्यावे.

घरात सर्वांचा वावर स्वयंपाकघरात असतो, कारण चूल तिथे असते. भिंतीवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली असतात, चुलीच्या जवळची जागा वडीलधाऱ्यांची असते, पाहुण्याने दाखवतील तिथे बसावे. आत शिरताना ‘जुले’ म्हणावे, बूट बाहेर काढावेत. थुक्पा, स्क्यू, खंबीर रोटी आणि लोणी-मिठाचा चहा मिळतो. शाकाहारी जेवण अडचणीचे नसते, पण हिवाळ्यात ताजी भाजी मोजकीच असते हे लक्षात घेऊन फर्माइशी कराव्यात. आपल्याकडून मेतकूट, चटण्या, लाडू न्यायला हरकत नाही. उंचीवर भूक मंदावते तेव्हा ओळखीची चव पोटात जाते. शौचालय कोरडे असते. वापरानंतर फावड्याने माती किंवा राख टाकायची, पाणी ओतायचे नाही आणि ओले टिश्यू त्यात अजिबात टाकायचे नाहीत, कारण ते खत पुढे शेतात जाते. नळ गोठलेले असल्याने आंघोळ होत नाही. ऊब देणाऱ्या पाकिटांसह सर्व प्लास्टिक लेहला परत आणावे. गावच्या कुत्र्यांना खाऊ घालू नये. लडाखमध्ये मोकाट कुत्री वाढल्याने वन्यप्राण्यांना त्यांचा मोठा उपद्रव होतो.

पैशाचे बोलणे आधीच स्पष्ट असावे. दरात मार्गदर्शक, स्पॉटर, स्कोप, बुखारीचे इंधन, उद्यानाचे शुल्क, गाडी आणि प्राणवायू धरले आहे का, हे लेखी घ्यावे. विमान रद्द झाले तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा, हेही त्यातच असावे. बक्षिसी द्यायची ती गटाने एकत्र करून मार्गदर्शक, स्पॉटर, स्वयंपाकी, गाडीवान आणि घरची माणसे या सर्वांत वाटावी, आणि जनावर दिसले नाही म्हणून ती कमी करू नये. पहाटे साडेपाचला कड्यावर जाणाऱ्याचे श्रम दोन्ही वेळा सारखेच असतात. छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना नेमकी घळ किंवा गुहा सांगू नये.

लेहची विमाने बहुतांशी सकाळीच सुटतात आणि हिमवर्षाव किंवा कमी दृश्यमानता असेल तर ती त्या दिवशी येतच नाहीत. म्हणून राखीव दिवस खरोखर राखीव ठेवावा आणि दिल्लीहून पुढचे तिकीट बदलता येईल असे काढावे. विमाने वेळेवर असतील तर हा दिवस शे गावाजवळ सिंधूच्या काठी घालवावा. हिवाळ्यात तिथल्या न गोठलेल्या उथळ पाण्यात, गोट्यांच्या बेटांवर आयबिसबिल हा खाली वळलेल्या लाल चोचीचा करडा पक्षी हमखास शोधण्यासारखा असतो. त्यासाठी लेहपासून अर्ध्या तासाचा गाडीप्रवास पुरतो, आणि एव्हाना डोळ्यांना दगडांतून करडा रंग वेगळा काढण्याची सवयही झालेली असते.